पाण्याच्या वाटेनं आलेली गर्दी

टोकियोतली सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे शिबुयाला पोचते ती तिसऱ्या मजल्यावर. गिन्झा लाइन हे तिचं नाव. आसाकुसापासून सारा प्रवास जमिनीखालून करत आलेली ही गाडी शेवटच्या स्थानकाआधी अचानक उजेडात येते. खिडकीतून पाहावं तर खाली रस्ता, मोटारी आणि माणसांच्या डोक्यांचा समुद्र दिसतो. भुयारातली गाडी हवेत कशी आली? ती चढली कुठे?

ती चढलेलीच नसते. ती आपली जवळजवळ सपाट येत असते, तिच्या खालची जमीनच निघून जाते. शिबुया ही एक दरी आहे. पूर्वेला मियामासुझाका, पश्चिमेला दोगेनझाका असे दोन चढ, आणि मधला तळ आजूबाजूच्या टेकाडांपेक्षा १५ ते २० मीटर खाली. डिसेंबर १९३८ मध्ये ही लाइन इथवर आली तेव्हा टेकाडाच्या पोटातून निघालेल्या बोगद्याचं तोंड दरीच्या उतारावर, हवेत उघडलं. मग रूळ खाली उतरवत बसण्यापेक्षा गाडी तशीच पुढे नेऊन इमारतीत घुसवली. २०२० च्या जानेवारीत हे स्थानक सुमारे १३० मीटर पूर्वेला सरकवलं, तरी उंची राहिली तीच.

शिबुयाबद्दल आपण वाचतो ते निऑनचे फलक, फॅशन, आणि तो जगप्रसिद्ध चौक यांच्याबद्दल. पण या गजबजाटाची खरी किल्ली मला या तिसऱ्या मजल्यावरच्या भुयारी गाडीत सापडते. या भागाचा आकार वाटीसारखा आहे. वाटीत जे पडतं ते तळाशी जातं. आधी पाणी गेलं, मग रेल्वे, मग माणसं आणि त्यांच्यामागून पैसा. शिबुयातलं जवळजवळ प्रत्येक दुकान आणि नाट्यगृह एकाच प्रश्नाचं उत्तर म्हणून उभं राहिलेलं आहे: तळाशी गोळा झालेल्या या माणसांचं करायचं काय?

पाण्यापासून सुरुवात करू. शिन्जुकू ग्योएन या बागेतल्या तळ्याच्या बाजूनं शिबुया नदी यायची. पश्चिमेकडून उदा नदी यायची. आज जिथं स्थानक आहे त्याच्या आसपास दोघींचा संगम होता. नद्या म्हणजे काही कृष्णा-गोदावरी नव्हेत; ओढेच म्हणायचे. उदा नदीला मिळणाऱ्या कोहोने नावाच्या ओढ्यावरून तर १९१२ साली शाळकरी मुलांसाठी वसंतातल्या ओढ्याचं एक गाणं लिहिलं गेलं, असं मानतात. जपानमध्ये ते गाणं न शिकलेलं मूल विरळा. आज त्या ओढ्यावर डांबर आहे. १९६४ च्या ऑलिंपिकची तयारी करताना टोकियोनं आपले असे कितीतरी ओढे काँक्रीटच्या पेटीत बंद केले आणि वर रस्ते केले. शिबुया नदी, उदा नदी, दोन्ही जमिनीखाली गेल्या. संपल्या मात्र नाहीत. त्या आजही वाहतात, आणि वर कुठे काय बांधायचं हे अजूनही त्यांच्याकडे बघूनच ठरवावं लागतं.

रेल्वे आली १८८५ मध्ये. तेव्हा हे शहराबाहेरचं खेडं होतं. दरीच्या उतारांवर शेतं आणि चहाचे मळे होते. पुढे एकेका कंपनीचा रूळ या तळाशी येऊन थांबायला लागला, आणि इथं गोतो केइता नावाचा माणूस कथेत येतो. ज्या कंपनीतून पुढे तोक्यू समूह झाला, तिचा हा कर्ताधर्ता. रेल्वे ही तिकिटांवर नव्हे तर तिच्या दोन्ही टोकांवर चालते, हा धडा ओसाकाच्या हान्क्यू कंपनीनं आधीच घालून दिला होता. एका टोकाला स्वस्त जमीन घ्या, घरं बांधून विका. दुसऱ्या टोकाला मोठं दुकान काढा. राहणारा सकाळी शहराकडे जाईल, संध्याकाळी परतताना खरेदी करील. गोतो त्याच्याही पुढे गेला. सकाळी शहराकडे भरून जाणारे डबे उलट दिशेनं रिकामे धावतात, हे त्यानं हेरलं आणि आपल्या मार्गावर हियोशी इथं केइओ विद्यापीठाला जमीन फुकट देऊन टाकली. विद्यार्थी रोज शहरातून बाहेर जाऊ लागले, रिकामे डबे भरले. जमीन दान देऊन प्रवासी मिळवण्याची ही युक्ती वाचली की मी दर वेळी थक्क होतो.

१९३४ मध्ये त्यानं शिबुया स्थानकाला लागून तोयोको डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. तिथंच नदीनं पहिली अट घातली. या दुकानाच्या पूर्वेकडच्या इमारतीला तळघर नव्हतं. जपानी डिपार्टमेंट स्टोअरचा तळमजल्याखालचा खाद्यपदार्थांचा विभाग म्हणजे त्याचा जीव असतो; पण इथं ते शक्यच नव्हतं, कारण इमारतीखालून शिबुया नदी वाहत होती. नदीवर दुकान, आणि दुकानाशेजारी स्थानक. पुढची ८० वर्षं लाखो लोक त्या दुकानातून फिरले. आपल्या पायाखाली नदी आहे हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

हाचिको कुत्र्याची गोष्ट याच काळातली आहे. तिच्यावर सिनेमे निघाल्यामुळे ती आपल्याकडेही माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये वारले, आणि हाचिको १९३५ च्या मार्चपर्यंत त्यांची वाट बघत स्थानकावर येत राहिला. १९३४ मध्ये पुतळा उभारला तेव्हा तो स्वतः हजर होता. युद्धात धातूसाठी तो पुतळा वितळवला गेला. आजचा पुतळा १९४८ चा, मूळ शिल्पकाराच्या मुलानं घडवलेला. ‘हाचिकोपाशी भेटू’ म्हटलं की टोकियोत आणखी पत्ता सांगावा लागत नाही. एवढ्या गर्दीत एकमेकांना शोधायला एक खूण लागते, ती या कुत्र्यानं दिली.

पुतळ्यापासून चार पावलांवर तो चौक आहे. १९७३ पासून इथं सगळ्या बाजूंच्या मोटारी एकदम थांबवतात आणि माणसांना सगळीकडून सोडतात, सरळ, आडवं आणि कर्णरेषेतही. गर्दीच्या वेळी एका फेरीत ३,००० पर्यंत माणसं रस्ता ओलांडतात असं सांगतात. साधारण दोन-दोन मिनिटांनी हे पुन्हा पुन्हा होतं. कोणी ओरडत नाही, शिट्टी नाही, हातात दोरी धरलेला पोलीस रोजच्या दिवशी नाही. मिनिटाभरात चौक भरतो आणि रिकामा होतो.

हे जमतं कसं, यावर विज्ञानानं बरंच डोकं लावलेलं आहे, आणि त्याची उत्तरं त्या दृश्याहूनही सुंदर आहेत. दोन घोळके समोरासमोर आले की कोणीही न सांगता त्यांच्या रांगा पडतात. समोरच्याच्या मागून चालणं सोपं, म्हणून एकामागे एक लागतो, आणि मिनिटाच्या आत गर्दीत जाण्याच्या आणि येण्याच्या पट्ट्या तयार होतात. हिसाशी मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये २७-२७ जणांचे दोन गट असे समोरासमोर चालवले. मग एका गटातल्या पुढच्या तिघांना चालताना फोनवर गणितं सोडवायला लावली. फक्त तिघं! तरी पट्ट्या पडायला उशीर झाला, आणि ज्यांच्या हातात फोन नव्हता त्यांनाही ऐनवेळी अंग चोरावं लागलं. म्हणजे समोरचा कुठे वळणार याचा अंदाज मी घेतो एवढं पुरत नाही. मी कुठे वळणार याचा अंदाज त्यालाही घेता यायला हवा. नजर आणि खांद्याच्या किंचित हालचालीतून हा करार दोघांत होतो. तिघांनी त्यातून अंग काढलं की सगळ्यांचाच करार मोडतो.

२०२५ मध्ये कॅरोल बासिक आणि सहकाऱ्यांनी गणितातून एक आकडा काढला आणि व्यायामशाळेत स्वयंसेवकांना चालवून तो पडताळला: लोकांच्या चालण्याच्या दिशा सरळ रेषेपासून साधारण १३ अंशांपेक्षा जास्त फाकल्या, की पट्ट्या मोडायला लागतात. आता शिबुयाचा चौक डोळ्यांपुढे आणा. तिथं दिशांचा फैलाव १३ अंश कुठला, पुरा गोल आहे. पुस्तकी हिशेबानं तिथं पट्ट्या टिकू नयेत, आणि चौकाच्या मध्यावर त्या खरोखरच टिकत नाहीत. वरून पाहिलं तर कडेला रांगा दिसतात आणि मधे सगळं विस्कटतं. तरी माणसं पार होतात. तेवढा वेळ प्रत्येक जण हजारोंशी नव्हे, समोरच्या दोघा-तिघांशी करार करत जातो. माझ्या मते शिबुयातलं सगळ्यात मोठं आश्चर्य कुठल्याही दुकानात नाही, ते या चौकाच्या मध्यभागी आहे.

चौक ओलांडून माणसं वर चढतात. या चढांचा इतिहास युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून जातो. शिबुयाच्या उत्तरेला आज जिथं योयोगी पार्क आहे तिथं तेव्हा वॉशिंग्टन हाइट्स ही अमेरिकी सैन्याची वसाहत होती. दोगेनझाकाच्या पायथ्याला, जुन्या कपड्यांच्या आणि फुटकळ मालाच्या टपऱ्यांत, एक गल्ली ‘कोइबुमी योकोचो’, म्हणजे प्रेमपत्रांची गल्ली, म्हणून ओळखली जाऊ लागली. जपानी बायकांना अमेरिकी सैनिकांना पत्रं लिहायची असायची, इंग्रजी येत नसायचं. गल्लीतले लेखनिक ती पैसे घेऊन लिहून द्यायचे, आलेली वाचून दाखवायचे. या विषयावर फुमिओ निवा यांनी कादंबरी लिहिली, आणि १९५३ मध्ये किनुयो तानाका या अभिनेत्रीनं तिच्यावर आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. शिबुयाच्या बाजारात फॅशनच्या आधी दुसऱ्याच्या मनातलं लिहून देण्याचा धंदा झाला, ही गोष्ट मला तिथल्या कुठल्याही उंच इमारतीपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

ऑलिंपिकसाठी अमेरिकनांनी ती वसाहत परत केली. खेळाडूंचं गाव तिथं वसलं, शेजारी केन्झो तांगे यांचं लोंबत्या छपराचं योयोगी राष्ट्रीय क्रीडागृह उभं राहिलं, सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके तिथं आली. म्हणजे दरीच्या काठावर, चढाच्या टोकाला, जाण्यासारखी ठिकाणं तयार झाली. पण वाट? तळ तोक्यूच्या ताब्यात. बाहेरगावाहून आलेला माणूस स्थानकातून निघाला की तोक्यूच्याच दुकानात शिरायचा.

१९६८ मध्ये सेइबू हा प्रतिस्पर्धी समूह शिबुयात उतरला. त्याच्या किरकोळ विक्रीच्या धंद्याचा प्रमुख सेइजी त्सुत्सुमी हा विलक्षण माणूस: दिवसा व्यापारी, आणि ताकाशी त्सुजी या टोपणनावानं कवी-कादंबरीकार. सेइबूला जागा मिळाली ती स्थानकापासून थोडी आत, दोन वेगळ्या इमारतींत. आणि इथं दुसऱ्या नदीनं आपली अट घातली. दोन इमारतींमधल्या रस्त्याखालून उदा नदी बंदिस्त पेटीतून वाहते, त्यामुळे दोन्ही तळघरं एकमेकांना जोडता आली नाहीत. जोडले ते वरचे मजले, रस्त्यावरून जाणाऱ्या पुलांनी. तोक्यूला शिबुया नदीनं तळघर बांधू दिलं नाही, सेइबूला उदा नदीनं तळघरं जोडू दिली नाहीत. डोळ्यांआड केलेल्या दोन ओढ्यांनी जपानच्या दोन बलाढ्य व्यापारी समूहांच्या इमारतींचे नकाशे ठरवले!

१९७३ मध्ये सेइबू समूहानं खरा डाव टाकला तो पार्कोचा. स्थानकापासून चढावर पाच-सात मिनिटं चालायचं. खरेदीदार एवढं चढेल का? पार्कोनं चढालाच कार्यक्रम करून टाकलं. तोवर वॉर्ड कचेरीचा रस्ता म्हणून ओळखली जाणारी ती वाट ‘कोएन-दोरी’, बागेचा रस्ता, झाली. पार्कोच्या वरच्या मजल्यावर नाट्यगृह होतं. एइको इशिओका यांनी पार्कोची भित्तिचित्रं केली. त्यांत विकायची वस्तू बहुतेक वेळा दिसायचीच नाही. याच इशिओकांना पुढे ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. लोक कपडे घ्यायला नव्हे, चालायला, बघायला आणि बघितलं जायला वर जाऊ लागले. दुकान आणि करमणूक यांच्यातली भिंत इथं पडली.

तोक्यू गप्प बसणार नव्हती. तिनं दुसऱ्या चढाच्या फाट्यावर, दोगेनझाकाच्या पायथ्याला, १९७९ मध्ये १०९ ही इमारत उभी केली. वास्तुकार मिनोरू ताकेयामा यांनी तिच्या टोकाला गोल, चकचकीत मनोरा दिला. रस्ता जिथं दुभागतो तिथंच तो उभा असल्यानं चौकात उभ्या माणसाची नजर थेट त्यावर जाते. आत लहान-लहान दुकानं एकावर एक रचलेली. नव्वदच्या दशकात किशोरवयीन मुलींच्या फॅशनचं हे केंद्र झालं. इथल्या विक्रेत्या मुली स्वतःच प्रसिद्ध झाल्या. त्या आज काय घालून उभ्या आहेत यावर उद्या काय खपणार हे ठरायचं. १९८९ मध्ये त्याच बाजूला आणखी वर तोक्यूनं संगीतसभागृह, नाट्यगृह, कलादालन असलेलं बुन्कामुरा उघडलं. दोन समूहांच्या चढाओढीनं दरीचे दोन्ही उतार असे भरत गेले. आजचं शिबुया कोणी एकानं आखलेलं नाही. गर्दीला आपल्या बाजूच्या चढावर ओढण्याच्या पन्नास वर्षांच्या खेचाखेचीतून ते झालं आहे. मला ते म्हणूनच जिवंत वाटतं.

अलीकडे हालचाल उभी झाली आहे. मार्च २०१३ मध्ये तोक्यूच्या तोयोको लाइनचं उन्नत स्थानक बंद करून गाड्या जमिनीखालच्या पाचव्या मजल्यावर नेल्या. शेजारच्या दाइकानयामा इथं शेवटची गाडी गेल्यावर आणि पहाटेची पहिली येण्याआधी हजाराहून जास्त कामगारांनी रूळ उतरवून भुयाराच्या मार्गाला जोडले. सकाळी प्रवासी आले तेव्हा गाडी जमिनीखाली होती. म्हणून आज शिबुयात गाडी बदलायची म्हणजे तिसऱ्या मजल्यापासून जमिनीखालच्या पाचव्या मजल्यापर्यंत सरकत्या जिन्यांवर फिरायचं. नवखा माणूस इथं हमखास चुकतो. चुकण्यात एक लाभ आहे: जेआर आणि इनोकाशिरा या रेल्वेमार्गांना जोडणाऱ्या वाटेवर तारो ओकामोतो यांचं ‘उद्याची पुराणकथा’ हे ३० मीटर लांबीचं भित्तिचित्र लागतं. अणुबॉम्ब फुटण्याचा क्षण त्यात आहे. मेक्सिकोतल्या एका हॉटेलसाठी काढलेलं हे चित्र हरवलं, २००३ मध्ये सापडलं, आणि २००८ पासून इथं आहे. घाईत पुढे जाऊ नका, थांबा.

आणि पाणी? ते अजूनही तळाशीच येतं. मोठा पाऊस झाला की सगळ्या उतारांवरचं पाणी स्थानकाकडे धाव घेतं. म्हणून पूर्वेच्या चौकाखाली, सुमारे २५ मीटर खोल, ४,००० टन पावसाचं पाणी साठवणारी टाकी बांधली. २०२० पासून ती कामाला लागली. नव्या इमारतींसाठी शिबुया नदीची जमिनीखालची वाटही थोडी बाजूला सरकवली. स्थानकाच्या दक्षिणेला, २०१८ मध्ये उघडलेल्या शिबुया स्ट्रीम इमारतीशेजारी, नदी पुन्हा डोळ्यांना दिसते. तिच्यात दिसणारा ओघ बराचसा शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा आहे. तरी काठावर लोक बसतात, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

तळाला गर्दी ओढण्याची ही ताकद प्रत्येक वेळी सुखाचीच असते असं नाही. हॅलोविनच्या रात्री चौकात एवढी झुंबड उडू लागली की २०२३ मध्ये शिबुयाच्या महापौरांनी ‘त्या रात्री इथं येऊ नका’ असं जगाला जाहीर सांगितलं. ऑक्टोबर २०२४ पासून स्थानकाच्या परिसरात संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर दारू पिण्याला वर्षभर बंदी आहे. दक्षिण कोरियातल्या इटेवॉनला २०२२ मध्ये अरुंद उताराच्या गल्लीत चेंगरून दीडशेहून जास्त माणसं गेली, हे ज्यांना आठवतं त्यांना या सावधगिरीचं मोल कळेल. उतारावर गर्दी साचणं ही सौंदर्याची गोष्ट आहे तशी धोक्याचीही.

टोकियोला जाणं झालं तर शिबुयासाठी अर्धा दिवस ठेवा, आणि चौकाचा फोटो काढून परतू नका. हाराजुकूच्या बाजूनं कॅट स्ट्रीटवरून चालत या. कपड्यांच्या दुकानांची ही गल्ली सरळ नाही, हलकी वळणं घेत उतरते. कारण ती झाकलेल्या शिबुया नदीच्या पात्रावरून जाते. स्थानकापाशी आलात की सेइबूच्या दोन इमारतींमधले पूल मान वर करून शोधा. मग कोएन-दोरी चढा, दुसऱ्या बाजूनं दोगेनझाका उतरा, शेवटी गिन्झा लाइनच्या तिसऱ्या मजल्यावर जा. पायांत आरामाचे बूट हवेत, आणि चौक ओलांडताना फोन खिशात.